भट्टी का तापत नाही? – लेखांक ७ : ओलावलेली कॉइल

थर्मोस्टॅटच्या द्विधातु-पट्टीची हकीकत या आठवड्यात पुरी करण्याचे मी कबूल केले होते. परंतु दरम्यान नेरूळच्या एका वाचक भगिनींचे जे पत्र आले, त्यातील तक्रार आपल्या खाडीकाठच्या हवेशी इतकी निगडित आहे, आणि तिच्यावर त्यांना सुचवण्यात आलेला इलाज इतका घातक आहे, की थर्मोस्टॅटचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते.

पावसाळ्याच्या तोंडाशी माळ्यावर टाकलेला ओव्हन त्यांनी दिवाळीच्या नानकटाईसाठी खाली काढला, १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला, टायमर फिरवला आणि त्याच क्षणी ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, पडून घरभर अंधार झाला. बटण उचलून पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच. पाहायला आलेल्या कारागिराने सिरीज लॅम्प लावून दोन्ही कॉइल शाबूत असल्याचा निर्वाळा दिला, दोष ईएलसीबीच्या माथी मारला, आणि प्लगची मोठी पिन काढून टाकावी म्हणजे ओव्हन बिनतक्रार तापेल, असा सल्ला दिला.

ओव्हनमधली जी काळसर नळी आपण कॉइल म्हणून ओळखतो, तिच्या पोटात निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची बारीक गुंडाळलेली तार असते – अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाला १९०६ साली ज्याचे पेटंट मिळाले ते हे नायक्रोम – आणि ती तार बाहेरच्या नळीला कोठेही टेकू नये म्हणून मधल्या पोकळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. उष्णता सुखेनैव वाहू द्यावी आणि विजेला मात्र मज्जाव करावा, असा दुर्मीळ गुण या भुकटीत आहे; पण हवेतला ओलावा शोषून घेण्याची ओढही तिच्यात आहे. नळीची दोन्ही तोंडे कारखान्यात लाखबंद केल्यासारखी बंद करतात. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने त्या बुचांना चिरा जातात, आणि मग एका बाजूस ठाण्याची खाडी व दुसऱ्या बाजूस पारसिकचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या नगरात, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्यावरही बुरशी धरते अशा हवेत, निपचित पडून राहिलेली कॉइल ओलावली नाही तरच नवल. रोज वापरातल्या ओव्हनला ही व्याधी सहसा जडत नाही, कारण रोजची उष्णताच त्याची भुकटी कोरडी राखते.

आता सिरीज लॅम्पच्या साक्षीचे मोल पाहू. हे साधन मला अत्यंत प्रिय आहे. तार तुटली आहे की सलग आहे, एवढा एकच सवाल विचारला तर त्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही, कारण ७५० वॉटच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असल्याने तिच्यातून १०० वॉटचा तंतूचा दिवा जवळजवळ पूर्ण तेजाने पेटतो. पण गळतीच्या तपासात त्याची जबानी ग्राह्य धरता येत नाही. तो दिवा पूर्ण पेटतो तेव्हा ०.४३ अँपिअर प्रवाह घेतो. ईएलसीबी मात्र ३० मिलिअँपिअरला, म्हणजे त्याच्या चौदाव्या हिश्शाला, पडलाच पाहिजे अशी त्याची योजना असते, आणि एवढ्या क्षीण प्रवाहाने दिव्याची तार लालसुद्धा होत नाही. यास्तव कारागिराने पाहिलेले खरे होते, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. ईएलसीबी आपले कर्तव्यच बजावीत होता. घरगुती मल्टिमीटरही अल्प दाबावर मोजत असल्यामुळे येथे पुष्कळदा फसतो. येथे ५०० व्होल्टचा मेगरच हवा, आणि तार व नळी यांच्यामधला रोध त्यावर एक मेगओहमच्या खाली आढळला, तर कॉइल ओलावली आहे किंवा नळी फुटली आहे असे समजावे.

मोठी पिन काढण्याच्या सल्ल्याविषयी मला सौम्य भाषा वापरता येत नाही. ती पिन इतर दोहोंपेक्षा लांब ठेवतात, ती प्लग खोचताना जमिनीशी संबंध सर्वांआधी जुळावा म्हणून. ती काढली की गळणारा प्रवाह जमिनीत जाण्याचा मार्ग खुंटतो, ईएलसीबी गप्प राहतो, आणि ओव्हनचा पत्रा फेजच्या दाबावर येऊन, ओल्या हाताने दार उघडणाऱ्या गृहिणीची वाट पाहत राहतो. कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, हे करू नये.

उपाय खर्चाचा नाही. सिलेक्टर केवळ वरच्या कॉइलवर ठेवून ईएलसीबी टिकतो का, मग केवळ खालच्या कॉइलवर ठेवून टिकतो का, हे पाहिल्यास संशय बहुधा एकीवर येतो. बहुधा म्हणण्याचे कारण, पुष्कळ सिलेक्टर दोन तारांपैकी एकच तोडतात. मग प्लग उपसून ती कॉइल जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून बाहेर काढवावी, नळीवर फोड किंवा काळा खड्डा असल्यास सरळ नवी घालावी, आणि नसल्यास कार्यशाळेतल्या सुकवणीच्या भट्टीत १२० ते १५० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवून, पुन्हा मेगर लावून, तोंडे उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने बंद करून घ्यावीत. नेरूळच्या भगिनींनी हे केल्यावर मेगरचा आकडा मला जरूर कळवावा. थर्मोस्टॅट पुढल्या आठवड्यात.