कंठाचा आशीर्वाद आणि कमरेची चंची

३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून आपल्या कंठाला आशीर्वाद देतात. घशात काटा अडकलेल्या एका मुलाला या संताने वाचविले, अशी परंपरा आहे. आशीर्वाद घेऊन बाहेर पडलेले आपले काही बांधव मात्र चर्चच्या आवारातच तंबाखूची चंची सोडतात. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुखाच्या कर्करोगाविषयी शास्त्रज्ञांना जे उमगले आहे, ते घरोघरी पोहोचावे, एवढीच आमची इच्छा आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीने केव्हा वाढावे व केव्हा थांबावे, याच्या आज्ञा तिच्यातच लिहिलेल्या असतात. त्यांना जनुके म्हणतात. त्यांपैकी पी-५३ हे जनुक म्हणजे जणू घरचा रखवालदारच. पेशीत बिघाड झाला, की ते तिची वाढ रोखून दुरुस्तीस अवधी देते. आणि दुरुस्ती अशक्य असल्यास त्या पेशीचा अंत घडवून आणते.

तंबाखूतील विषारी द्रव्ये गालाच्या अस्तरातील पेशींत शिरून या आज्ञांची अक्षरे बिघडवितात. सुपारीही निरुपद्रवी नव्हे. हे एका विड्याने घडत नाही. वर्षानुवर्षे घाव साचत जातात. अखेर रखवालदारच निकामी झाला, की बिघडलेली पेशी बेबंद वाढू लागते. बंगालमधील कल्याणी आणि आपल्या नवी मुंबई येथील संशोधकांनी गाल व हिरड्यांच्या कर्करोगाच्या ११० रोग्यांच्या गाठी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पी-५३ बरोबर इतरही अनेक जनुके बिघडलेली आढळली.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. खेड्यात हा रोग लपविला जातो. मुलीचे लग्न मोडेल, घराण्याला शाप आहे असे लोक म्हणतील, ही धास्ती असते. परंतु हे बदल बहुतांशी रोग्याच्या मुखातील पेशींतच, जन्मानंतर घडलेले असतात. ते लेकरांच्या रक्तात उतरत नाहीत. एका ताटात जेवल्याने हा कर्करोग जडत नाही. बापाकडून मुलाकडे जाते ती तंबाखूची सवय!

घाव सावकाश साचतात, यातच आशाही आहे. पांढरा वा लाल चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पुरते न उघडणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी मुखे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले.

वाचकहो, परमेश्वराने दिलेला हा देह आपल्याकडे ठेव म्हणून आहे. येत्या सणास आशीर्वादासाठी मान पुढे करण्यापूर्वी, कमरेची चंची घरीच, कायमची, सोडून यावी.