पणजीचे नाव काय?

वडिलांचे नाव आपण आयुष्यभर स्वतःच्या नावापुढे लिहितो. आजोबांचे नावही बहुतेकांना ठाऊक असते. पणजोबांपाशी आले की जरा आठवावे लागते. आणि पणजीचे नाव विचारले, की घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. तिचे माहेर कोणते, हे तर फारच थोड्यांना सांगता येते. तीन पिढ्या म्हणजे फार तर ऐंशी-नव्वद वर्षे. तेवढ्या काळात घरातले एक अख्खे माणूस विस्मरणात जाते.

अलीकडे आपल्या घराण्याचा इतिहास शोधावा, वंशावळ तयार करावी असे अनेकांना वाटू लागले आहे. संगणक आणि मोबाइल यांमुळे ते काम पुष्कळ सोपे झाले आहे. पण एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. आडनाव टाइप केले, कळ दाबली आणि सात पिढ्या पडद्यावर उभ्या राहिल्या, असे होत नाही. संगणक आपल्याला जुन्या दप्तराच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. आत जे कागद आहेत, ते कुणीतरी कुठल्या तरी कामासाठी लिहून ठेवलेले असतात. कुणी शेतसारा वसूल करण्यासाठी, कुणी दक्षिणेसाठी, कुणी मजुरांची मोजदाद ठेवण्यासाठी. आपल्या पूर्वजांची आठवण राहावी म्हणून ते कुणी लिहिले नव्हते. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारावेत: ही कुणी लिहिली आणि कशासाठी लिहिली? मग तिच्यात कोण सापडेल आणि कोण सापडणार नाही, हे आपोआप कळते.

सुरुवात मात्र घरातूनच करायची. शाळा सोडल्याचे दाखले, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जुनी शिधापत्रिका, खरेदीखते, फोटोच्या मागे लिहिलेल्या ओळी, हे सगळे एकत्र करा आणि मोबाइलवर त्यांचे स्वच्छ फोटो घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला आणि त्यांची परवानगी घेऊन ते बोलणे ध्वनिमुद्रित करा. आजीला ‘तुझा जन्म कधीचा?’ असे विचारले, तर ती हसून सोडून देईल. त्याऐवजी ‘पानशेतचे धरण फुटले तेव्हा तू केवढी होतीस?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होते?’ असे विचारा. पानशेत १९६१ चे, कोयना १९६७ ची. माणसे वर्षे विसरतात, पण पूर, भूकंप, दुष्काळ विसरत नाहीत. हे काम आधी करण्याचे कारण सरळ आहे. सरकारी कागद पुढच्या वर्षीही जागेवर असेल. आजी असेलच असे नाही.

आता आपल्या नावांविषयी. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव येते, ही संशोधकाची मोठी सोय आहे. एक नाव सापडले की आधीची पिढी आपोआप हाती लागते. पण याच रीतीत एक सापळाही आहे. पुष्कळ घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवत. त्यामुळे गणेश रामचंद्र, मग रामचंद्र गणेश, मग पुन्हा गणेश रामचंद्र अशी साखळी तयार होते. कागदावरचा गणेश रामचंद्र नातू की आजोबा, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. त्यासाठी नोंदीचे वर्ष पाहावे लागते. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षे धरावीत. आडनावावर तर फार विसंबू नये. जुन्या कागदांत अनेकदा आडनाव नसतेच. नाव, बापाचे नाव आणि पाटील, कुलकर्णी, सुतार असा हुद्दा किंवा व्यवसाय एवढेच असते. गाव सोडलेल्या कुटुंबाने पुढे गावावरून ‘कर’ लावलेले आडनाव घेतले, असेही पुष्कळदा घडले आहे. म्हणून शोध आडनावाचा करण्यापेक्षा गावाचा करावा.

गाव कळले की जमिनीच्या कागदांकडे वळता येते. राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारा उतारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. जिल्हा, तालुका, गाव निवडून, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन ते ठरलेली फी भरून घेता येतात. १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ आधी घालावा लागतो.

या कागदांतली काही अक्षरे ओळखता आली पाहिजेत. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे थोरल्या भावाचे नाव लागले आहे, पण धाकटे भाऊ असण्याची शक्यता आहे. त्यांची नावे इथे दिसली नाहीत म्हणून ते नव्हतेच, असे समजू नये. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील वारले, मुलगा लहान, म्हणून त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि तिचे नाव. अनेक घरांत पणजीचे नाव कागदावर पहिल्यांदा भेटते ते इथे, नवरा गेल्यावर. खातेदाराच्या मृत्यूनंतर होणारा वारसाचा फेरफार तर वंशावळीचे एक पानच असते. त्यात विधवा पत्नी, मुलगे आणि पुष्कळदा लग्न होऊन गेलेल्या मुलीही नावानिशी येतात. मात्र हे दप्तर साऱ्यासाठी लिहिलेले. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, तो शेतमजूर असो की बलुतेदार, त्याचा मागमूस इथे क्वचितच लागतो.

अशांसाठी गाव नमुना चौदा उपयोगी पडतो. यालाच बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात होत. जमीन नसलेल्या घरातही मूल जन्मतेच, त्यामुळे ही वही सर्वांची. जुन्या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात आणि त्या मोडी लिपीत असू शकतात. या नोंदींना किती मोल आहे, हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवंडाच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट ठरवू शकतो, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले. मोडी शिकणे वाटते तितके अवघड नाही. अक्षरे मराठीच, वळणे निराळी. दोन-तीन महिन्यांच्या सरावाने साध्या नोंदी लागू लागतात. २०१४ पासून युनिकोडमध्येही या लिपीला स्थान मिळाले आहे.

त्याहून मागे जायचे तर तीर्थक्षेत्रांची वाट धरावी लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार येथील उपाध्ये आणि पंडे आपापल्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. यात्रेला आलेला माणूस आपले, भावांचे, मुलांचे नाव आणि गाव सांगे, कधी स्वतःच्या हाताने लिही. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेच काम हेळवी करतात. ते दारोदार येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात आणि धान्य किंवा पैसे घेतात. अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्मन पंथीयांची ‘फॅमिलीसर्च’ नावाची संस्था आहे. हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांतील वह्यांची छायाचित्रे तिने काढली असून, तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून त्यांचा शोध घेता येतो. मात्र नाव टाइप करताच पान समोर येईल अशी अपेक्षा ठेवू नये; पाने एकेक करून चाळावी लागतात. वर्षे बहुधा शकात किंवा संवतात असतात. शकात ७८ मिळवले किंवा विक्रम संवतातून ५७ वजा केले, की साधारण इसवी सन मिळतो. आणि इथेही तोच प्रश्न: वही कुणाची? ज्यांना यात्रा परवडली आणि ज्यांना तीर्थावर मान होता, त्यांची.

मग जे गरीब होते, गाव सोडून दूर गेले, त्यांचे काय? इथे इतिहासाने एक विचित्र न्याय केला आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. मळेवाल्यांना आणि सरकारला त्यांच्यावर पाळत ठेवायची होती, म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिला गेला. नोंदवहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा आणि जहाज लिहिले गेले. पुढे छायाचित्रेही काढली गेली. गावात राहिलेल्या जमीनदाराची उंची आपल्याला ठाऊक नाही. पण त्याच गावातून परागंदा झालेल्या मजुराच्या कपाळावरचा व्रण नोंदलेला आहे. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. ही माणसे ज्या धक्क्यावर उतरली, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील सातव्या पिढीच्या वंशजांनाही ओसीआय कार्डाची सवलत जाहीर केली. त्यामुळे त्या जुन्या क्रमांकांना आता नवे महत्त्व आले आहे.

असाच दुसरा मोठा वर्ग सैनिकांचा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथे पडलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशा सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. पण त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या भारतीय शिपायांचा फक्त पलटणवार आकडा कोरला. युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ च्या अहवालात असा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली. या आयोगाच्या संकेतस्थळावर शिपायांची नावे आज विनामूल्य शोधता येतात. अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा आहे. नावे मात्र इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, म्हणून चार-पाच तऱ्हांचे स्पेलिंग करून पाहावे.

आता सावधगिरीच्या काही गोष्टी. अनेक संकेतस्थळांवर कुणीतरी आधीच तयार केलेल्या वंशावळी मिळतात. आपल्याच आडनावाचा एखादा सरदार त्यात दिसला, की त्याला आपल्या घराण्याशी जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एक पिढी दुसरीला जोडताना बापलेकाचे नाते सांगणारा कागद किंवा निदान एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे हवेत. नसतील तर ती जागा मोकळी ठेवावी आणि तिथे प्रश्नचिन्ह घालावे. प्रत्येक नावापुढे ते कुठे मिळाले, कुणी सांगितले, कोणत्या तारखेला, हे लिहावे. प्रश्नचिन्ह असलेली चार पिढ्यांची वंशावळ, बिनपुराव्याच्या चौदा पिढ्यांहून मोलाची.

डीएनए चाचणीचीही हल्ली बरीच जाहिरात होते. अशी चाचणी दोन हयात माणसांचे जवळचे नाते सांगू शकते. पणजोबांचे नाव किंवा गाव सांगू शकत नाही. शिवाय ती माहिती एकट्याची नसते, साऱ्या भाऊबंदांची असते. या व्यवसायातील एका मोठ्या अमेरिकी कंपनीने २०२५ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या माहितीचे काय होणार, हा प्रश्न जगभर विचारला गेला. वंशावळ इंटरनेटवर ठेवतानाही हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव उघड करू नये. खात्याची खातरजमा करताना हीच माहिती विचारली जाते.

शेवटी, बहुतेक वंशावळी बाप आणि मुलगा अशाच खाली उतरत जातात. पण प्रत्येकाला पणजोबा चार असतात आणि पणज्याही चार. त्या आठांपैकी एकाचेच आडनाव आपण लावतो. उरलेल्या सात जणांचे रक्तही आपल्यात तेवढेच असते. म्हणून कागदावर आठ चौकटी आखा आणि भरायला सुरुवात पणज्यांच्या चार चौकटींपासून करा. प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव. पणजोबांसाठी सातबारा आहे, नामावळ आहे. पणजीचे माहेर मात्र बहुतेक घरांत एखाद्या म्हाताऱ्या आत्याला किंवा मावशीलाच ठाऊक असते. तिला फोन लावायला हरकत नाही.