तुसावरून तांदूळ ओळखता येतो का?

गोंदियात धान घेणारा व्यापारी नुसतं पोतं पाहून भाव ठरवत नाही. टोकदार नळी खुपसून आतले दाणे काढतो, तळहातावर चोळतो, तुसाखालचा तांदूळ पाहतो. लघुग्रहाची जमीन कशाची आहे हे ठरवतानाही वरच्या तुसानेच घोळ घातला होता.

गैरसमज: यानाने फोटो काढला की रंगावरून खनिज कळतं.

रंगाने शास्त्रज्ञांना अनेक वर्षं चकवलं. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात अशनी पडले. पृथ्वीवर पडणाऱ्या बहुतेक अशनींसारखे तेही 'कॉन्ड्राइट' जातीचे. अशनी म्हणजे बहुतेक लघुग्रहांचेच तुकडे, मग ही जात लघुग्रहांत सर्रास दिसायला हवी होती. पण दुर्बिणीतून दिसणाऱ्या खडकाळ लघुग्रहांचा रंग तिच्याहून लालसर भरायचा. सौरवारा आणि बारीक धुळीच्या माऱ्याने त्यांच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढतो, म्हणून. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये आणली. आत कॉन्ड्राइटच निघाला, वर तो थरही सापडला.

गैरसमज: एकच उपकरण सगळं सांगतं.

'निअर शूमेकर' यान १४ फेब्रुवारी २००० पासून इरॉस लघुग्रहाभोवती फिरलं. सूर्याचे क्ष-किरण जमिनीवर आदळले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं. त्यांतून मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचं प्रमाण कॉन्ड्राइटशी जुळलं, गंधक मात्र कमी भरलं. पण हे किरण येतात केसाच्या जाडीएवढ्या थरातून. गंधक आतही कमी, की फक्त वरून उडालेलं? एवढ्यावरून सांगता येत नाही. वैश्विक किरणांच्या माऱ्याने जमिनीतून निघणारे गॅमा किरण काही इंच खोलवरची खबर देतात, ही खरी नळी. कक्षेतून मात्र ते फारच क्षीण मिळाले. शेवटी, उतरण्यासाठी बनवलेलं नसतानाही, १२ फेब्रुवारी २००१ रोजी यान इरॉसवर अलगद टेकलं आणि जवळपास दोन आठवडे जमिनीवरून मोजमाप करत राहिलं. मला या मोहिमेतलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं.

गैरसमज: यान पाठवलं की अशनींची गरज उरत नाही.

काटोलच्या दगडात आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीत हे खनिज सुमारे ६६० किलोमीटरखाली असतं. इथे ते अवकाशातल्या टकरीच्या दाबाने तयार झालं. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे हे कण कक्षेतून जाणाऱ्या कुठल्याही यानाला दिसले नसते.