मरगळ आली? आलापापासून ऐका

कोलाडला पाऊस लागला की कुंडलिका फुगते, दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि काहींचे मन उगाच जड होते. अशा वेळी सतार, सरोद किंवा व्हायोलिन जरूर ऐकावे. पण सुरुवात कुठून करावी?

मन खिन्न असताना एकदम धडाक्याचे संगीत लावले, तर ते नकोसे वाटू शकते. म्हणून संगीतोपचारात आधी मनःस्थितीशी जुळणारे संगीत ऐकवतात आणि मग हळूहळू लय वाढवतात. आपल्या रागसंगीतात ही चढण आयतीच असते. सतार-सरोदवर आधी संथ आलाप, मग लय धरणारा जोड आणि शेवटी जलद झाला येतो. त्यामुळे घाईने पुढे सरकवू नका.

राग कोणता? देस, हंसध्वनी, बिहाग ऐकून पाहा. व्हायोलिन आवडत असेल, तर गायकी अंगाने वाजवणारे पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) ऐका. मात्र अंतिम निवड तुमचीच. आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन स्रवते, असे मॉन्ट्रियलच्या संशोधकांना २०११ मध्ये आढळले. त्या प्रयोगातले संगीत ऐकणाऱ्यांनी स्वतःच निवडले होते.

संगीत हा आधार आहे, औषधाला पर्याय नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.