प्रेसजवळ उभं राहून घ्यायचं प्रशिक्षण

बऱ्याच कारखान्यांत सुरक्षा प्रशिक्षण कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये होतं. तासभर स्लाइड दाखवायच्या, हेल्मेट-बूट घालायला सांगायचं, हजेरीपत्रकावर सह्या घ्यायच्या आणि चहा द्यायचा. रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे पेंगतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण तो ज्या मशीनवर आठ तास उभा असतो त्या मशीनबद्दल तासभरात कुणी अवाक्षरही काढलेलं नसतं.

याला एक चांगला पर्याय आहे आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. १९७०च्या दशकात जपानमधल्या सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीत धोका आधीच हेरण्याचा सराव सुरू झाला. आपल्याकडच्या वाहनउद्योगात तो 'केवायटी' या नावाने ओळखला जातो. नाव असतं, फॉर्मही असतो; पण पुष्कळदा तो फॉर्म सुपरवायझर एकटाच भरून टाकतो. खरी पद्धत अशी नाही.

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या प्रेस शॉपचं उदाहरण घेऊ. पाळी सुरू होताना पाच-सहा जणांना प्रेसजवळ गोळा करायचं. वेळ दहा-पंधरा मिनिटं. हातात एकच फोटो, आणि तो आपल्याच शॉपमधला हवा. समजा फोटोत ऑपरेटर पॉवर प्रेससमोर बसलाय, पाय पेडलवर आहे, डायमध्ये अडकलेला जॉब काढायला उजवा हात पुढे गेलाय. मागे हेल्पर बिन घेऊन उभा आहे. खाली तेल सांडलंय.

पहिल्या फेरीचा प्रश्न : इथे काय होऊ शकतं? उत्तर पूर्ण वाक्यात मागायचं. "हात सांभाळायला पाहिजे" हे उत्तर चालणार नाही. "हात डायमध्ये असताना पेडल दाबलं जाईल, पंच खाली येईल आणि बोटं जातील," असं कारण आणि परिणाम जोडून सांगायला लावायचं. दुसरा म्हणेल, हेल्परचा धक्का लागेल. तिसरा म्हणेल, तेलावरून पाय घसरून पेडलवर पडेल. चर्चा घेणाऱ्याने या वेळी फक्त लिहून घ्यायचं. कुणालाही "हे काय सांगतोस" म्हणायचं नाही. कंत्राटी पोरं बिहार-उत्तर प्रदेशातली असतील तर बोलणं हिंदीत होऊ द्या. सगळ्यात उपयोगाचं वाक्य अनेकदा याच पोरांकडून येतं, कारण अडकलेला जॉब काढायला पुढे होणारा हात त्यांचाच असतो.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून त्यातला सगळ्यात घातक धोका निवडायचा. तिसरीत उपाय सुचवायचे : चिमटा वापरणं, पेडल काढून दोन हातांची बटणं बसवणं, जॉब अडकला तर मोटर बंद करून फ्लायव्हील थांबेपर्यंत वाट पाहणं. चौथ्या फेरीत आजच्या पाळीत करायची एकच गोष्ट ठरवायची आणि त्या जागेकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायची : "फ्लायव्हील थांबलं, ठीक!" सुरुवातीला माणसं लाजतात, म्हणून आधी सुपरवायझरने म्हणावं. बोट दाखवून उच्चार करण्याची ही रीत जपानी रेल्वेची. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली साध्या कामांवर प्रयोग केला, तेव्हा या रीतीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

फ्लायव्हीलची गोष्ट तर प्रत्यक्षच दाखवावी. सगळे सुरक्षित अंतरावर असताना मोटर बंद करा आणि चाक किती वेळ फिरत राहतं ते मोबाइलच्या घड्याळावर मोजायला सांगा. बटण बंद केलं म्हणजे मशीन थांबलं असा समज पुष्कळांचा असतो. चाकात साठलेली ऊर्जा तेवढ्यात संपत नाही. चाक फिरत असताना पेडल दबलं तर पंच खाली येऊ शकतो. आणि जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा सुटलेला स्ट्रोक मधे थांबवता येत नाही, म्हणून अशा प्रेसला नुसता लाइट कर्टन (हात आत येताच मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) लावून बोटं वाचत नाहीत. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही.

प्रश्नमंजूषा, बक्षिसं, व्हिडिओ यांना माझा विरोध नाही. पण 'अपघात नाही तर बोनस' ही योजना मला घातक वाटते. साथीदारांचा बोनस बुडू नये म्हणून माणूस कापलेलं बोट चिंधीत गुंडाळून काम करत राहतो आणि थोडक्यात टळलेला अपघात कुणाला कळतच नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर धोका दाखवून देणाऱ्याला द्या.

सगळं खरं तर पुढच्या आठवड्यावर अवलंबून असतं. ऑपरेटरने सांगितलं की या चिमट्यात हा जॉब धरता येत नाही, आणि आठवड्याने तोच चिमटा तिथेच पडलेला असेल, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. त्याने सांगितलं की टार्गेट गाठायचं तर दोनपैकी एक बटण टेपने दाबून ठेवावं लागतं, तर त्याला मेमो देण्याआधी टार्गेट तपासा. प्रेसला गार्ड बसवणं मालकाचंच काम आहे. कामगाराला कितीही शिकवलं तरी ती जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम १११-अ घालण्यात आलं. कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मिळवणं आणि त्याचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क असल्याचं त्यात लिहिलं गेलं. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, फलक लागतात, शपथ होते. येत्या ४ मार्चला शपथ झाल्यावर व्यवस्थापकांनी पंधरा मिनिटं प्रेसजवळ थांबावं, फोटो पुढे धरावा आणि ऑपरेटरला बोलू द्यावं. तो जे सांगेल त्यातली एक तरी दुरुस्ती त्याच आठवड्यात करून द्या.