नळी निघाल्यानंतरचे महिने

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेला माणूस घरी येतो तो लघवीची नळी आणि पिशवी घेऊनच. आठवड्या-दोन आठवड्यांनी नळी निघते आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. त्याच दिवशी तो खुर्चीतून उठतो आणि कपडे ओले होतात. हे होणार असं कुणी आधी सांगितलेलं नसेल तर चांगला धीराचा माणूसही खचतो. ऑपरेशन बिघडलं, अशी त्याची समजूत होते आणि लाजेपायी तो ती बोलूनही दाखवत नाही.

बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. लघवी दोन जागी अडवली जाते. एक जागा मूत्राशयाच्या तोंडाशी. तिथलं काम आपोआप चालतं, आपल्याला कळतही नाही. दुसरी ग्रंथीच्या खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंजवळ. ती आपल्या इच्छेने आवळता येते. ग्रंथी काढताना पहिल्या जागेची रचना बरीचशी मोडते. मग सर्जन मूत्राशयाचं तोंड खाली आणून मूत्रमार्गाला शिवतात. आयुष्यभर जोडीला असलेलं बळ गेलं आणि सगळा भार एकट्या खालच्या स्नायूवर आला. म्हणून खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थेंब निसटतात. संध्याकाळी त्रास वाढतो, कारण तोवर तो स्नायू थकलेला असतो. उलट रात्री आडवं झाल्यावर अनेकांची अंथरुणं सगळ्यात आधी कोरडी राहू लागतात.

या स्नायूला तयार करावं लागतं. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या बायकांसाठी. पुरुषांनाही तोच लागू पडतो. वारा रोखून धरताना जे आवळलं जातं ते आवळायचं, काही सेकंद धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या हव्यात, श्वास चालू हवा. ऑपरेशनच्या आधीच हे शिकून घेतलं तर उत्तम; नळी आत असताना मात्र करायचं नाही. उठण्याआधी, खोकण्याआधी क्षणभर आवळायची सवय लावून घेतली की फरक जाणवू लागतो. एक चूक फार जण करतात: गळेल या भीतीने पाणी पिणंच कमी करतात. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाची जळजळ वाढते आणि घाई आणखी लागते. कमी करायचाच असेल तर चहा कमी करावा.

किती दिवस? ब्रिटनमध्ये झालेल्या ‘प्रोटेक्ट’ या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनच्या गटातले ४६ टक्के पुरुष सहा महिन्यांनी पॅड वापरत होते. सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे बरेच जण सावरतात, पण सगळे नाही, आणि हे दोन्ही रुग्णाला आधीच सांगायला हवं. वर्षभराने गळती तशीच राहिली तर कृत्रिम झडप बसवण्याचं ऑपरेशन करता येतं. पॅड लावून लग्नकार्यं आणि एसटीचे प्रवास टाळत जगणं हाच एक मार्ग उरत नाही.

दुसरा प्रश्न शरीरसंबंधांचा. एकेकाळी या ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येकाची ताठरता जायची. ती जाणारच, असं डॉक्टरही धरून चालत. १९८१ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथे पीटर डोंकर हे निवृत्त प्राध्यापक मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शवविच्छेदनातून ओटीपोटातल्या मज्जातंतूंचा माग काढत होते. प्रौढांच्या शरीरात चरबीत हरवणारे हे धागे अर्भकात नीट दिसत. ताठरतेचे मज्जातंतू ग्रंथीच्या आतून जात नाहीत, तिच्या आवरणाबाहेरून जातात, हे दोघांनी मिळून पाहिलं. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवत पहिलं ऑपरेशन केलं. एका दुपारच्या निरीक्षणाने किती संसार बदलले असतील, या विचाराने मला आजही भरून येतं.

मात्र वाचवलेले मज्जातंतूही ताणले गेलेले असतात. ते कामावर यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि कर्करोग त्यांना चिकटलेला असेल तर ते वाचवता येत नाहीत. वीर्य येणं कायमचं थांबतं, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथी काढलेल्या असतात. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी शुक्राणू आधीच साठवून ठेवावेत. कामतृप्तीची संवेदना मात्र वेगळ्या मज्जातंतूची, ती राहते. हे फार थोड्यांना माहीत असतं. गोळ्या, इंजेक्शन, पंप असे उपायही आहेत, पण हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी कदापि घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळतो. हे सगळं बायकोसमोर बोललं गेलं पाहिजे. ती दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहते, तिला आत बोलवा. विषय डॉक्टरांनी काढावा, कारण साठी-सत्तरीतला आपला पुरुष तो स्वतःहून काढणार नाही.

आता रक्ताची तपासणी. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्याच पेशी बनवतात, त्यामुळे ग्रंथी गेल्यावर काही आठवड्यांत ते जवळजवळ शून्यावर, म्हणजे ०.१ च्या खाली यायला हवं. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर मात्र ‘४ पर्यंत नॉर्मल’ असंच छापून येतं. ती मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्यांची आहे. ऑपरेशन झालेल्याचा आकडा ०.५ आला की तो आणि त्याची मुलं रिपोर्ट पाहून निर्धास्त होतात, फाइल कपाटात जाते. प्रत्यक्षात ०.२ किंवा त्याहून जास्त आकडा लागोपाठ दोनदा आला तर आजार परतल्याचं धरतात. अशा वेळी आकडा लहान असतानाच ग्रंथीच्या जागेवर किरणोपचार दिले तर आजार पुन्हा आटोक्यात येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून त्या छापील ओळीकडे न बघता रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा, आणि मागच्या तपासणीचा कागदही सोबत न्यावा.