मुलगा प्रेसमध्ये आहे!

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थ म्हणाले, “मुलगा नाशिकरोडला प्रेसमध्ये आहे.” आमचे अण्णा रत्नागिरीचे. त्यांना वाटलं, कुठल्या तरी छापखान्यात खिळे जुळवत असेल, नाहीतर वर्तमानपत्रात असेल. दोन्हीकडे पगाराची बोंबच! नकाराचं कार्ड लिहूनही झालं होतं. मामांनी ते पेटीत पडू दिलं नाही. “अहो, तिथं नोटा छापतात!”

मैत्रिणींनो, नाशिकरोडला प्रेस म्हणजे सरकारी प्रेस. १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ची करन्सी नोट प्रेस. त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं विलायतेहून छापून यायची. आता तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट, सगळं इथलंच. नवरा नोटांच्या कारखान्यात, तरी महिनाअखेरीला आमचाही डबा रिकामाच, ते सोडा!

लग्नानंतर आठवड्यातच सासूबाईंनी विचारलं, “सूनबाई, शालू प्रेसला देऊ का गं?” मी गारच! शालूचं तिथं काय काम? मग कळलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. (जरीची साडी मात्र घरीच करावी. इस्त्री कोमट, साडी उलटी आणि वर पातळ सुती कापड.)

आता आमची सून दारातून विचारते, “आई, प्रेसला काही द्यायचंय?” हे रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण तो शब्द कानावर पडला की पेपरातून मान वर करतात.